गुहा, संहिता आणि पाठभेद : एका संगणकीय खेळाची जन्मकथा

मराठीच्या अभ्यासकाला पाठचिकित्सेची शिस्त नवी नाही. मूळ संहिता नष्ट झालेली असते, हाती आलेल्या प्रती लेखनिकांनी बदललेल्या असतात, कोठे ओवी वाढलेली असते, कोठे अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द येऊन बसलेला असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच जाणिवेतून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागेही हीच जाणीव होती. या शिस्तीचा संबंध आपण स्वाभाविकपणे पोथ्या आणि बाडे यांच्याशी जोडतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत लिहिला गेलेला एक संगणकीय खेळ आहे. तो हौसेने लिहिला गेला, हातोहात पसरला, दुसऱ्या हाताने वाढवला गेला, त्याची मूळ प्रत हरवली, आणि ती सापडल्यावर त्याच्याविषयीचा प्रचलित इतिहास दुरुस्त करावा लागला. या खेळाचे नाव ‘ॲडव्हेंचर’, किंवा अधिक पूर्ण रूपात ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’.

या खेळाकडे वळण्यापूर्वी तो ज्या संस्कृतीत जन्मला तिच्या एका शब्दाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. ‘हॅक’ हा तो शब्द. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत खेळण्यातल्या आगगाड्यांची हौस असलेल्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. रूळ, सिग्नल आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांच्याशी ही मुले रात्र-रात्र झटत. १९५९ मध्ये पीटर सॅम्सन या सभासदाने क्लबच्या बोलीचा एक छोटा कोश तयार केला. त्यात ‘हॅक’चा अर्थ साधारणपणे असा होता की, कोणतेही उपयुक्त फळ डोळ्यांसमोर नसताना केवळ करण्याच्या ओढीने केलेले काम. पुढे याच वर्तुळातील मंडळी संगणकाकडे वळली आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. एमआयटीला १९६१ मध्ये ‘पीडीपी-१’ हा संगणक मिळाला आणि १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ उभा केला. तो कोणी मागितला नव्हता आणि कोणी विकलाही नाही. ज्याला हवा त्याने त्याची प्रत घ्यावी, सुचेल ती भर घालावी, अशी रीत होती.

पुढची कथा भाषाशास्त्राच्या वर्गात अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून सांगता येईल अशी आहे. १९८३ मध्ये ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला. त्यातला किशोरवयीन नायक नव्या खेळांच्या शोधात चुकून लष्कराच्या संगणकात शिरतो. वृत्तपत्रांतून ‘हॅकर’ म्हणजे परक्या संगणकात घुसणारा असा अर्थ रूढ होत गेला. १९८४ मध्ये स्टीव्हन लेव्ही यांनी ‘हॅकर्स’ या ग्रंथात जुन्या अर्थाची बाजू मांडली, पण तोवर शब्द हातून निसटला होता. आपल्याकडे तर तो थेट कायद्यातच येऊन पोचला. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ चे शीर्षकच संगणक प्रणालीच्या ‘हॅकिंग’विषयी होते. २००८ च्या दुरुस्तीने, जी २००९ मध्ये अमलात आली, ते शीर्षक बदलून ‘संगणकविषयक अपराध’ अशा अर्थाचे केले. भारतीय वाचकाला हा शब्द भेटला तो आरोपीच्या पिंजऱ्यात. त्यामागची निर्हेतुक कारागिरीची, म्हणजे खरे तर क्रीडेची, छटा आपल्यापर्यंत फारशी आलीच नाही. ‘ॲडव्हेंचर’ हा त्या जुन्या अर्थाचा सर्वांत शब्दसमृद्ध नमुना आहे.

विल्यम क्राउथर हे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत प्रोग्रॅमर होते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले ‘आर्पानेट’ हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले, त्यातील संदेशांची ने-आण करणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमूत ते होते. त्यांचा दुसरा ध्यास गुहांचा. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहासंस्था आहे. तिच्या भुयारांची मापे घेणाऱ्या हौशी शोधकांमध्ये क्राउथर व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया हे दोघेही होते. ही मापे संगणकात भरून त्यांनी नकाशे काढले. ९ सप्टेंबर १९७२ रोजी शोधकांच्या एका तुकडीने फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहासंस्था आतून जोडलेल्या आहेत हे प्रत्यक्ष चालत जाऊन सिद्ध केले. त्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउथर होत्या.

पुढे या दांपत्याचा घटस्फोट झाला. गुहांचे जग क्राउथर यांच्यासाठी बंद झाल्यासारखे झाले आणि मुलींशी होणाऱ्या भेटीही मोजक्या झाल्या. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी ‘पीडीपी-१०’ या संगणकावर फोरट्रॅन भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. मुली भेटीला आल्या की त्यांना खेळता यावा, आणि संगणकाची माहिती नसलेल्या व्यक्तीलाही साध्या शब्दांत त्याच्याशी बोलता यावे, हा त्यामागील हेतू त्यांनीच नंतर सांगितला आहे. त्या काळी ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला बैठा खेळही खेळत असत. त्यात एक जण कथेचा सूत्रधार होतो आणि बाकीचे आपापल्या पात्राने काय करावे ते बोलून सांगतात. क्राउथर यांनी सूत्रधाराची जागा यंत्राला दिली.

या खेळात चित्र नाही, ध्वनी नाही. यंत्र वाचकाला द्वितीय पुरुषात आणि वर्तमानकाळात सांगते की तू अमुक ठिकाणी उभा आहेस, तुझ्यासमोर अमुक आहे. वाचक एक किंवा दोन शब्दांत आज्ञा टंकित करतो: उत्तरेला जा, दिवा घे. यंत्र पुढचे वर्णन छापते. गुहेची रचना बरीचशी खरी आहे. मॅमथ केव्हच्या ‘बेडक्विल्ट’ या भागातील कक्ष, चिरा, घसरणी त्यात आल्या आहेत आणि त्यांचे शब्द गुहाशोधकांच्या परिभाषेतून घेतलेले आहेत. या वर्णनांची शैली विलक्षण काटकसरीची आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. दिशा, उंची, खडकाचा रंग, वाऱ्याची झुळूक एवढेच. सर्वेक्षणाच्या वहीतील नोंद आणि ललित वर्णन यांच्या सीमारेषेवर ही भाषा उभी आहे. जिथे आता जाता येत नाही अशा जागेची ती नोंद आहे हे कळल्यावर तिच्या कोरडेपणाचा अर्थ पालटतो.

क्राउथर यांनी खेळ अर्धवट अवस्थेतच सोडून दिला. कंपनीच्या संगणकावरून तो आर्पानेटच्या वाटेने इतरत्र पोचला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाच्या संगणकावर १९७६ मध्ये त्याची एक प्रत डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या पाहण्यात आली. त्यात चुका होत्या आणि वाढवायला जागाही होती. वुड्स यांना लेखकाचे आडनाव तेवढे ठाऊक होते. त्यांनी आर्पानेटवरील प्रत्येक संगणकावर ‘क्राउथर’ या नावाने पत्र धाडले. क्राउथर तोवर झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेले होते. तेथून उत्तर आले, मूळ प्रोग्रॅम आला आणि बदल करण्यास अनुमतीही आली. प्रत करून घेणे ही जिथे रूढ चाल होती, तिथेही वुड्स यांना आधी लेखकाचा शोध घ्यावासा वाटला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

वुड्स यांची प्रत १९७७ मध्ये पसरली आणि जगाने ‘ॲडव्हेंचर’ म्हणून ओळखली ती हीच. क्राउथर यांचा प्रोग्रॅम सुमारे ७०० ओळींचा आणि त्यासोबतचा मजकूर आणखी सुमारे ७०० ओळींचा होता. त्यात ७८ स्थाननोंदी आणि १९३ शब्दांचा कोश होता. वुड्स यांनी तो १४० स्थाने आणि २९३ शब्दांपर्यंत नेला, खजिन्याच्या वस्तू वाढवल्या आणि ३५० गुणांची मोजणी घातली. त्यानंतर अनेकांनी अनेक भर घातल्या. या प्रती ओळखण्याची रीत मोठी सोयीची आहे: प्रतीत जास्तीत जास्त किती गुण मिळतात तो आकडा हेच तिचे नाव. ३५०ची प्रत, ५५०ची प्रत, आणि स्वतः वुड्स यांनी १९९५ मध्ये सिद्ध केलेली ४३०ची प्रत. पोथ्यांच्या शाखा ओव्यांच्या संख्येवरून वेगळ्या पाडणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटणार नाही.

दोन लेखकांच्या हातांतील फरक एका जागी फार स्पष्ट दिसतो. क्राउथर यांनी गुहेत एक चकवा ठेवला होता. त्यातील प्रत्येक कक्षाचे वर्णन अक्षरशः एकच आहे. वाचक पुढे सरकतो, पण शब्द तेच येतात, त्यामुळे आपण हललो की नाही हेच त्याला कळत नाही. यातून सुटण्याचा मार्ग असा की, हातातली एकेक वस्तू एकेका कक्षात टाकावी आणि आपणच जागांना खूण करावी. वुड्स यांनी याला उत्तर म्हणून दुसरा चकवा रचला. त्यात प्रत्येक कक्षाचे वर्णन वेगळे आहे, पण वेगळेपण एवढेच की त्याच मोजक्या शब्दांचा क्रम बदललेला असतो. पहिल्या चकव्यात वाचकाला संहितेत स्वतःची भर घालावी लागते. दुसऱ्यात संहिता सूक्ष्मपणे वाचावी लागते. वाङ्मयीन वाचनाच्या दोन पद्धतींचे इतके मूर्त रूप क्वचितच पाहायला मिळते.

आता मूळ प्रतीचा प्रश्न. वुड्स यांच्या प्रतीने क्राउथर यांची प्रत व्यवहारातून इतकी पूर्णपणे हटवली की ती नष्ट झाली असेच सर्वांनी धरून चालले होते. मग तर्काने एक इतिहास तयार झाला: क्राउथर यांनी केवळ खऱ्या गुहेची वास्तव प्रतिकृती केली, बुटके, जादू, खजिना ही सारी अद्भुताची भर टोल्किनप्रेमी वुड्स यांची. हा इतिहास आकर्षक होता, कारण तो सोपा होता. एक वास्तववादी, दुसरा अद्भुतवादी. एक शोधक, दुसरा कथाकार.

२००५ मध्ये स्टॅनफर्ड येथील वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या जतन केलेल्या प्रतींमध्ये क्राउथर यांचा मूळ प्रोग्रॅम सापडला. इंग्रजीचे प्राध्यापक डेनिस जेर्झ यांनी त्याचा अभ्यास केला, केंटकीच्या त्या प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने पडताळली आणि २००७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. वर्णने खऱ्या गुहेशी अपेक्षेपेक्षा अधिक जुळतात, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: कुऱ्हाड फेकणारे बुटके, जादूचे शब्द, जादूने उभा राहणारा पूल हे सगळे क्राउथर यांच्या प्रतीत आधीपासूनच होते. वुड्स यांनी अद्भुताचा विस्तार केला, पण त्याचा प्रारंभ त्यांनी केला नव्हता. अंतर्गत शैलीवरून कर्तृत्वाची वाटणी करणे किती धोक्याचे असते हे यातून दिसते. एखाद्या संतकवीच्या गाथेतील ‘कोमल’ अभंग अस्सल आणि ‘कठोर’ अभंग प्रक्षिप्त, असा निवाडा देणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. एकाच लेखकाच्या मनात सर्वेक्षक आणि कथाकार सुखाने नांदू शकतात.

संहितेवर यंत्राच्या मर्यादांचा जो ठसा उमटला आहे, तोही अभ्यासण्यासारखा आहे. ‘पीडीपी-१०’च्या स्मृतीतील एका खणात सात-सात बिटांची पाच रोमन अक्षरे मावत. म्हणून खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच वाचत असे. ‘उत्तर’ आणि ‘ईशान्य’ या अर्थांचे इंग्रजी शब्द पहिल्या पाच अक्षरांत सारखेच असल्याने ईशान्येसाठी आद्याक्षरे वापरा, अशी सूचना खेळातच द्यावी लागली होती. फाइलच्या नावाला सहा अक्षरांची मर्यादा असल्याने खेळाचे नाव ‘ॲडव्हेंट’ असे तुटले आणि त्या तुटलेल्या नावानेही तो ओळखला जाऊ लागला. छंदाच्या मात्रा जशा शब्दयोजनेला वळण देतात तसेच हे. इथे मराठीचा अभ्यासक एक प्रश्न विचारू शकतो: हा खेळ मराठीत लिहायचा असता तर? ‘दिवा घे’ ही आज्ञा यंत्राला सहज कळेल, पण ‘दिव्यात तेल घाल’ म्हणताच नामाचे सामान्यरूप समोर येते आणि शब्दाच्या आरंभीच्या अक्षरांवर विसंबणारी युक्ती कोलमडते. ‘वाट’ आणि ‘वाटेने’ यांचा आरंभ एक. ‘दिवा’ आणि ‘दिव्यात’, ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ यांचा नाही. इंग्रजी नाम अशा वेळी रूप बदलत नाही म्हणून क्राउथर यांना इतक्या थोड्या सामग्रीत यंत्राशी संवाद घडवता आला. या कलाप्रकाराचा जन्म इंग्रजीत होण्यास आर्थिक कारणे होतीच. पण त्याचा घाट ठरवण्यात व्याकरणाचाही वाटा आहे.

‘ॲडव्हेंचर’चा वंशविस्तार मोठा आहे. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९७७ पासून ‘झॉर्क’ रचला आणि त्यातून १९७९ मध्ये ‘इन्फोकॉम’ ही कंपनी निघाली. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये ‘मड’ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. इथे गुहेत एकाच वेळी अनेक जण उतरू लागले. आजच्या ऑनलाइन खेळांची ही गंगोत्री, आणि ती निखळ शब्दांची होती. बार्टल यांनी १९९६ मध्ये अशा खेळांतील खेळाडूंचे चार वर्ग पत्त्यांच्या चार रंगांवरून पाडले: खजिना जमवणारे चौकट, खणत राहणारे इस्पिक, माणसे जोडणारे बदाम, आणि इतरांना मारणारे किलवर. मराठीत ‘किलवर’मधला श्लेष हरवतो, कारण इंग्रजीत त्या रंगाचे नाव सोट्याचेही आहे. पण वर्गीकरण टिकून राहिले. साहित्याच्या वाचकांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते, असे वाटते.

बाजार आला तसा कर्तृत्वाचा प्रश्नही आला. मायक्रोसॉफ्टने १९७९ मध्ये ‘ॲडव्हेंचर’ची आवृत्ती विक्रीस आणली. त्याच खेळावरून प्रेरणा घेऊन वॉरन रॉबिनेट यांनी अटारी कंपनीसाठी चित्रांचा ‘ॲडव्हेंचर’ केला. अटारी तेव्हा खेळांवर लेखकाचे नाव देत नसे. म्हणून रॉबिनेट यांनी एका गुप्त कक्षात आपले नाव दडवून ठेवले आणि एका खेळाडूने ते शोधून काढेपर्यंत कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या संतकवींनी नाममुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणात उघडपणे गुंफली. इथे ती भिंतीआड लपवावी लागली. क्राउथर आणि वुड्स यांच्या जगात नाव लपवण्याची गरज नव्हती, कारण विकण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नव्हते.

विद्वानांनी या संहितेची दखल पुष्कळ आधी घेतली होती. मेरी ॲन बकल्स यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत ‘ॲडव्हेंचर’वर पीएच. डी.चा प्रबंध सादर केला. डोनाल्ड कनूथ हे संगणकशास्त्रातील ज्येष्ठ विद्वान. प्रोग्रॅम हा यंत्रासाठी असतो तितकाच माणसाने वाचण्यासाठी असतो, असा त्यांचा आग्रह. त्यांनी १९९८ मध्ये वुड्स यांच्या प्रतीची सभाष्य संहिता तयार केली. तिच्यात प्रोग्रॅमच्या ओळी आणि त्यांचे विवरण मूळ आणि टीका यांसारखे शेजारी शेजारी येतात. २०१७ मध्ये क्राउथर आणि वुड्स यांच्या संमतीने ४३०ची प्रत सर्वांसाठी खुली झाली. २०२५ मध्ये ‘झॉर्क’चे तीन भागही मायक्रोसॉफ्टने मुक्त परवान्यावर खुले केले.

हा सारा खटाटोप एका खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर केंटकीपेक्षा आपल्या जवळचे आहे. क्राउथर यांची प्रत सापडली ती एका विद्यार्थ्याचे खाते विद्यापीठाने जवळजवळ तीन दशके पुसले नाही म्हणून. मराठीतील १९९० नंतरचे लेखन मोठ्या प्रमाणावर संगणकावर अक्षरजुळणी होऊन छापले गेले. युनिकोड रुळण्यापूर्वी ही जुळणी ज्या फॉन्टांत होत असे, त्यांत रोमन अक्षरांच्या स्थानांवर देवनागरी आकार बसवलेले असत, आणि दर कंपनीची मांडणी निराळी असे. तो फॉन्ट नसला की तीच फाइल उघडल्यावर रोमन चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. लघुनियतकालिके, दिवाळी अंक, लेखकांचे दुरुस्त केलेले खर्डे यांतील किती मजकूर अशा फाइलींत अडकला असेल याची कल्पना करावी. कागदावरची पोथी वाळवीने खाल्ली तरी उरलेले पान वाचता येते. ही फाइल अखंड असून वाचता येत नाही.

तिला वाचण्याजोगी करणे अशक्य नाही. रूपांतराची साधने आहेत, आणि हौशी मंडळींनीच त्यांतील अनेक घडवली आहेत. ‘हॅक’ या शब्दाचा १९५९ मधला अर्थ अजून कोठे जिवंत असेल तर तो या कामात आहे. उणीव आहे ती पाठचिकित्सेची शिस्त जाणणाऱ्यांनी या कामात उतरण्याची. रूपांतरात रफार जागा सोडतो, ऱ्हस्व-दीर्घ उलटतात, जोडाक्षरे तुटतात. हे लेखनिकांचे नवे प्रमाद आहेत आणि ते ओळखण्याची दृष्टी मराठीच्या वर्गात शिकवली जाते. मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी दर वर्षी एकेका बंद पडलेल्या नियतकालिकाच्या फाइली मिळवाव्यात, त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, छापील अंकाशी ताडून पाठभेद नोंदवावेत आणि मूळ फाइलही तशीच जपून ठेवावी, कारण आज निरुपयोगी वाटणारी प्रतच पुढे निर्णायक ठरते. एका खेळाच्या सातशे ओळींसाठी एक प्राध्यापक गुहेत उतरला. आपल्याला कपाटापर्यंतच जायचे आहे.